मदत हवी आहे : अळूच्या पानावर नॅनोकण कुठले आणि मेण कुठलं?

३० नॅनोमीटरचे झिंक ऑक्साइडचे कण, लिटरला १०० मिलिग्रॅम, ५ मायक्रोलिटरचा थेंब पानावर वाळवतोय. अळूवर नुसतं पाणी मोत्यासारखं घरंगळतं, म्हणून ०.१ टक्का ट्वीन-२० (पाणी पसरवणारं साबणासारखं द्रव्य) घातलंय. एसईएमखाली (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) कणांचे पुंजके आणि मेणाच्या पापुद्र्यांच्या कडा सारख्याच दिसतात. अल्कोहोल-ॲसिटोनने निर्जलीकरण नकोच, मेण विरघळतं नि कण जागा सोडतात. तुकडे हवेत वाळवून वर कार्बनचा थर देतोय (सोन्याचा दिला तर त्याचेच दाणे मोजत बसावं लागतं).

बॅकस्कॅटरमध्ये (परत उसळलेल्या इलेक्ट्रॉनांच्या चित्रात) जस्त उजळ दिसतं, पण खात्री ईडीएसचीच (क्ष-किरणांच्या ऊर्जेवरून मूलद्रव्य ओळखायची पद्धत). तिथे खरी गोची: जस्ताची १.०१ केईव्हीची (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट) क्ष-किरण रेषा सोडियमच्या १.०४ वर चढते. ८.६४ ची रेषा घ्यायला १५ किलोव्होल्ट लावले की मेण मऊ होऊन चित्र सरकतं, शिवाय इलेक्ट्रॉन शलाका पानात काही मायक्रॉन खोल पसरते. क्रायो-एसईएमवर (नमुना गोठवून पाहायचा एसईएम) कुणी हे जमवलंय का? किती व्होल्टेज, किती प्रवाह?

दुसरं, थेंब वाळण्याच्या मॉडेलबद्दल. कण कडेला कड्यासारखे साचतात, म्हणजे संपर्करेषा (थेंबाची पानाला टेकलेली कड) अडकलेली धरावी, असं माझं मत. पण शिरेजवळ कडं तुटतं. तिथे रेषा सरकती धरायची, की पृष्ठभागाचा उंचसखलपणा एएफएमने (अणुबल सूक्ष्मदर्शक) मोजून थेट मॉडेलमध्ये घालायचा?