गोल्फ क्लबचा इतिहास आणि विजेत्यांचा फलक: जुन्या नोंदी तपासायच्या कशा?

खडकीकर

नमस्कार. पुण्यातल्या एका छोट्या, सभासदांनीच चालवलेल्या ९ होलच्या गोल्फ क्लबची स्मरणिका निघते आहे. हाताशी असलेली सामग्री अशी: कॅप्टन आणि क्लब चॅम्पियन यांच्या नावांचा सागवानी फलक (मजकूर इंग्रजीत, सोनेरी अक्षरं), घासून घासून कोरीव अक्षरं पुसट झालेले चांदीचे चषक, सभांच्या इतिवृत्ताच्या वह्या आणि ओल लागलेली स्कोअरकार्डं.

अडचणी:

१. चॅम्पियनच्या रांगेत काही वर्षं कोरी आहेत. तिथे त्या वर्षीच्या कॅप्टन्स कपच्या विजेत्याचं नाव घालावं, असं कमिटीतल्या काहींचं म्हणणं आहे.
२. नावांपुढचे आकडे एकसारखे नाहीत. कुठे ‘१५१’, कुठे ‘५ अँड २’, एका ठिकाणी नुसतंच ‘३ अप’.
३. सर्वांत कमी स्कोअर कोणाचा, त्यावरून सार्वकालिक क्रमवारी छापायची सूचना आहे. ती करता येते का?
४. क्लब सुरू झाल्याचं वर्ष फलकावर एक आहे आणि इतिवृत्तात दुसरंच.
५. फलक पुन्हा रंगवायचा आहे.

मार्कर

कोऱ्या जागांचं आधी सांगतो, कारण स्मरणिका एकदा छापली की पुढचा प्रत्येक जण तिचाच दाखला देतो. कॅप्टन्स कप बहुतेक क्लबांत हँडिकॅप (खेळाडूच्या कुवतीप्रमाणे मिळणारी फटक्यांची सूट) वजा करून, म्हणजे नेट स्कोअरवर ठरतो. क्लब चॅम्पियनशिप ग्रॉसवर, म्हणजे सूट न धरता, असते. २० हँडिकॅपचा खेळाडू चांगल्या दिवशी कॅप्टन्स कप जिंकतो. हँडिकॅप असतो तो त्यासाठीच. पण त्याला चॅम्पियनच्या रांगेत बसवलंत, तर त्या वर्षी ग्रॉसमध्ये पहिला आलेल्या माणसाचं नाव कायमचं गेलं. जागा कोरीच ठेवा आणि कारण लिहा. ‘स्पर्धा झाली नाही’, ‘झाली, पण निकालाची नोंद मिळाली नाही’ आणि ‘निकाल वादात राहिला’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एकच आडवी रेघ तिन्हींसाठी ओढू नका.

आता आकडे. ‘१५१’ म्हणजे ३६ होलच्या स्ट्रोक प्लेचे एकूण फटके असणार. तुमच्याकडे ९ होलच्या चार फेऱ्या. ‘५ अँड २’ मात्र होऊच शकत नाही. मॅच प्लेमध्ये दोघांत एकेक होल जिंकायची लढत असते, आणि आघाडी उरलेल्या होलपेक्षा जास्त झाली की सामना तिथेच संपतो. दोन होल उरले असताना पाचने पुढे असायचं, तर तीन होल उरले असतानाच किमान चारची आघाडी हवी, म्हणजे सामना आधीच संपलेला. त्यामुळे पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा एक किंवा दोननेच मोठा असू शकतो: ३ अँड २ चालेल, ४ अँड २ चालेल, ५ अँड २ नाही. १८ होलच्या मॅचमधला सर्वांत मोठा विजय १० अँड ८. तुमच्या फलकावर बहुधा पूर्वी कधी अक्षरं गिरवताना तीनचा पाच झाला असावा. इंग्रजीतले हे दोन आकडे झिजले की सारखेच दिसतात. तरी अंदाजाने दुरुस्ती नको, इतिवृत्तात सापडलं तरच.

‘३ अप’ हा सगळ्यांत बोलका आकडा आहे. मॅच प्ले १८ व्या होलवर संपली, तर निकाल ‘१ अप’ किंवा ‘२ अप’ एवढाच. १७ होलनंतर तीनने पुढे असलेल्याला १८ वा खेळावाच लागत नाही. म्हणजे तिथे समोर प्रतिस्पर्धी नव्हता, ती ‘बोगी’ स्पर्धा होती. तिच्यात प्रत्येक होलवर ठरलेल्या स्कोअरशी (आज ‘पार’शी, म्हणजे त्या होलसाठी ठरवलेल्या फटक्यांशी) लढत असते, सगळे १८ होल खेळले जातात, आणि क्लबांत ती सहसा हँडिकॅपचे स्ट्रोक देऊनच होते. ते नाव चॅम्पियनच्या रांगेत चुकून आलं आहे का, हे त्या वर्षीच्या कमिटीच्या ठरावात बघा. त्या वर्षी चॅम्पियनशिप याच पद्धतीने घ्यायची असं ठरलेलं असेल, तर नाव राहू द्या आणि पद्धत पुढे लिहा.

बरोबरीचे निकालही तपासा. ग्रॉस चॅम्पियनशिपमध्ये प्लेऑफ आणि नेट स्पर्धांत काउंटबॅक, अशी सर्वसाधारण रीत. काउंटबॅकमध्ये आधी शेवटच्या ९ होलचे स्कोअर ताडतात, मग ६, मग ३, मग शेवटचा. नेटमध्ये हँडिकॅपचा अनुक्रमे अर्धा, तिसरा, सहावा आणि अठरावा भाग वजा करतात. कार्डावर दोघांची बेरीज सारखी आणि फलकावर नाव एकाचंच दिसलं, तर बहुधा हेच कारण असतं.

दप्तरखाना

स्थापनेच्या वर्षाबद्दल. ‘क्लब सुरू झाला’ याचे किमान चार अर्थ निघतात: पहिला खेळ, पहिली सभा, जमिनीचा ताबा आणि नोंदणी. फलक आणि इतिवृत्त बहुधा यातल्या वेगवेगळ्या गोष्टी सांगत आहेत. चारही तारखा छापा.

जमीन छावणीच्या हद्दीत असेल, तर डिफेन्स इस्टेट्स कार्यालयाकडच्या जनरल लँड रजिस्टरचा उतारा मागा. हद्दीबाहेर असेल तर सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, आणि त्याबरोबर जुने फेरफार. नुसता आजचा उतारा इतिहासाला उपयोगाचा नाही. क्लब १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली असेल तर कार्यकारिणीच्या वार्षिक याद्या दाखल झालेल्या असतात. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद असेल, तर धर्मादाय कार्यालयात परिशिष्ट एक आणि कलम २२ चे बदल अर्ज मिळतील. कंपनी असेल तर निबंधक कार्यालय. यातून अध्यक्ष आणि चिटणीस पक्के होतात. कॅप्टन कार्यकारिणीत असेलच असं नाही, त्यामुळे यादीत नाव नाही म्हणून फलक खोटा ठरवू नका.

जुनी वर्तमानपत्रं चाळताना पावसाळा आधी घ्या. ब्रिटिश काळात मुंबईचे गव्हर्नर पावसाळ्यात पुण्याला, गणेशखिंडीला (आजच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत) मुक्काम हलवत, आणि खेळांचे, मेजवान्यांचे वृत्तांत मुंबईच्या इंग्रजी पत्रांत त्याच महिन्यांत दाटीने येत. जूनपासून ऑक्टोबरपर्यंतचे खंड आधी बघितलेत, तर बराच वेळ वाचेल.

१२ जुलै १९६१ ध्यानात ठेवा. पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांतली अनेक घरं आणि दुकानं गेली, कागदपत्रं गेली. हिशेबनीस, छापखाना किंवा तेव्हाच्या चिटणिसांचं घर त्या भागात असेल आणि १९६१ च्या आधीची वहीच नसेल, तर शोध कुठे थांबवायचा ते कळतं. हे कारण पुराव्याशिवाय छापू नका मात्र.

नावांचा घोळ पुण्यात हमखास होतो, कारण लष्करी सभासद पुष्कळ. एका वर्षी ‘कॅप्टन’, काही वर्षांनी ‘मेजर’, मग ‘लेफ्टनंट कर्नल’. आद्याक्षरं तीच, माणूस एकच. शिवाय क्लबचा कॅप्टन आणि हुद्द्याने कॅप्टन यांची गल्लत होते. महिलांच्या रांगेत लग्नाआधीचं आणि नंतरचं अशी दोन नावं येतात. प्रत्येक व्यक्तीला एक क्रमांक द्या, त्याखाली नावाची सगळी रूपं नोंदवा, आणि ‘किती वेळा विजेता’ ही मोजणी त्या क्रमांकावर करा.

‘देशातला सर्वांत जुना’ वगैरे वाक्य लिहायचा मोह झाला, तर कलकत्त्याचा रॉयल क्लब १८२९ चा आहे आणि हौशी खेळाडूंची राष्ट्रीय स्पर्धा १८९२ पासूनची आहे. इंडियन ओपन १९६४ मध्ये सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी बिल्लू सेठी यांनी हौशी खेळाडू असून ती जिंकली. असे टप्पे तुमच्या कालरेषेशेजारी छापले, तर वाचकाला काळ समजतो. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला, ही नोंदही शेजारच्या रकान्यात घ्या. तुमच्या क्लबशी ओढूनताणून संबंध मात्र जोडू नका.

ब्राउनवाला

सार्वकालिक क्रमवारी करू नका. कारणं देतो.

कमी पाण्याच्या मैदानांवर पूर्वी ग्रीनऐवजी (होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीऐवजी) ब्राउन असत: वाळूत तेल मिसळून, दाबून सपाट केलेली. त्यावर चेंडू जवळजवळ सरळ जातो, उतार नगण्य, वेग ठरावीक. गवताच्या ग्रीनवरचे पटिंगचे (चेंडू होलकडे ढकलायचे) दोन फटके आणि ब्राउनवरचे दोन, ही तुलना जुळत नाही. तुमच्याकडे ब्राउन कधी मोडली, ते इतिवृत्तात गवताच्या किंवा पाइपच्या खर्चावरून सापडेल.

दुसरं, चेंडू. ब्रिटिश नियमांखाली १.६२ इंचाचा लहान चेंडू चालत असे आणि वाऱ्यात तो जास्त जाई, १.६८ इंच हे किमान माप १९९० पासून सर्वत्र आलं. तिसरं, अंतर. जुनं कार्ड यार्डात, नवं मीटरमध्ये असू शकतं. ५,९०० यार्ड म्हणजे सुमारे ५,३९५ मीटर. एकक न बघता ‘मैदान ५०० ने लहान झालं’ असं लिहिलं जातं. शिवाय ९ होलच्या मैदानावर दुसऱ्या फेरीला टी (होलचा पहिला फटका मारायची जागा) बदलतात की नाही, यावर पार आणि लांबी दोन्ही हलतात.

सन १९५२ पूर्वीचे मॅच प्लेचे निकाल मिळालेच, तर तेव्हा स्टायमी होती: ग्रीनवर प्रतिस्पर्ध्याचा चेंडू तुमच्या रेषेत आला तरी, दोन चेंडूंत सहा इंचांहून जास्त अंतर असेल तर तो उचलायला सांगता येत नसे.

नेट स्कोअरची तुलना तर त्याहून अवघड. २०२० पासून आलेल्या जागतिक पद्धतीत शेवटच्या २० पैकी उत्तम ८ फेऱ्यांची सरासरी धरतात आणि मैदानाच्या स्लोपने, म्हणजे अवघडपणाच्या आकड्याने (प्रमाण ११३), ती बदलते. आधीचे हँडिकॅप वेगळ्याच रीतीने ठरलेले. जुना नेट ६४ आणि आजचा नेट ६४ यांत फक्त आकडा सारखा.

कोर्स रेकॉर्ड छापायचंच असेल, तर ते वैयक्तिक स्ट्रोक प्ले स्पर्धेतलं हवं, टी आणि होल आपल्या नेमक्या जागी हवेत, आणि चेंडू हाताने चांगल्या जागी ठेवायची मुभा त्या दिवशी नसावी. पुण्यात इथेच घोटाळा होतो, कारण पावसाळ्यात ‘प्रिफर्ड लाय’ची, म्हणजे हीच मुभा देणारी, सूचना सर्रास लागते. जुलै ते सप्टेंबरमधलं प्रत्येक भन्नाट कार्ड त्या दिवशीच्या सूचनेशी ताडून बघा. मैदानाची मांडणी बदलली की रेकॉर्ड नव्याने सुरू होतं. जुनं ‘जुन्या मांडणीवर’ म्हणून मानाने राहतं.

वर्ख

फलकाला पॉलिशपेपर लावू देऊ नका. आधी खोली अंधारी करून एका बाजूने, जवळजवळ फळीला समांतर, विजेरी धरून फोटो काढा. खाली दबलेल्या जुन्या अक्षरांचे उंचवटे सावलीत दिसतात. ‘५ अँड २’चा उलगडा कदाचित तिथेच होईल. मग मऊ ब्रशने धूळ, आणि कोपऱ्यात चाचणी घेऊन डिस्टिल्ड पाण्यात जेमतेम ओलावलेला कापूस. अक्षरं काळपट पडली असतील तर तो पितळी भुकटीचा रंग आहे. खरा सोन्याचा वर्ख काळा पडत नाही.

नवी अक्षरं वर्खाचीच करा. व्हार्निशवर आधी संगजिऱ्याची पूड हलकी फिरवून पुसून घ्यायची, नाहीतर वर्ख नको तिथेही चिकटतो. मग अक्षर ऑइल साइझने (वर्ख चिकटवायच्या तेलकट द्रावाने) पातळ रंगवायचं. तीन तासांचा आणि बारा तासांचा असे प्रकार मिळतात. बारीक अक्षरांच्या मोठ्या फलकाला बारा तासांचा बरा, कारण घाई होत नाही. बोटाचं पेर टेकवल्यावर ओढ लागते पण डाग येत नाही, तेव्हा २३ कॅरटचा वर्ख ठेवून कापसाने दाबायचा. साइझ ओला असताना लावला तर वर्ख बुडून निस्तेज होतो. फार सुकल्यावर लावला तर धरत नाही. पुण्यात हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्या. पावसाळी दमटपणात साइझ केव्हा तयार होईल याचा भरवसा नसतो. खऱ्या वर्खावर व्हार्निश नको, पितळी वर्खावर मात्र लागतंच. फलक भिंतीपासून इंचभर पुढे टांगा. ओल आणि वाळवी मागूनच येतात.

चषकांना पितळ चमकवायचं पॉलिश बंद करा, कोरीव काम त्यानेच गेलं आहे. पुसट अक्षरांवर पातळ कागद धरून मऊ पेन्सिल आडवी फिरवा, बरंच वाचता येतं. तळाशी चालता सिंह असेल तर ते ब्रिटिश स्टर्लिंग. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, मुकुट म्हणजे १९७५ पूर्वीचं शेफिल्ड. शेजारचं अक्षर चषक बनल्याचं वर्ष देतं. स्पर्धा त्याआधी त्या चषकासाठी झालेली नसणार, एवढं नक्की. चषक जुना घेऊन नंतर कधीही दिलेला असू शकतो.

कार्डांना लॅमिनेशन नाही, सेलोटेप नाही. सावलीत, पंख्याखाली, टीपकागदात सुकवून मग ६०० डीपीआयला स्कॅन. कडुनिंबाची पानं थेट कागदात ठेवू नका, डाग पडतात.

खडकीकर

फार उपयोग झाला, मनापासून आभार. ‘३ अप’च्या वर्षीचा ठराव शोधतो. आणखी एक: इतिवृत्तात कॅडींच्या (खेळाडूंच्या पिशव्या वाहणाऱ्यांच्या) वार्षिक स्पर्धेचे निकाल आहेत, पण फलकावर त्यांना जागा नाही. स्मरणिकेत घ्यावेत का?

मार्कर

नक्की घ्या, आणि परिशिष्टात ढकलू नका. कॅडींची स्पर्धा सहसा ग्रॉसवर होते. टी आणि होलची संख्या तीच असेल तर पद्धत चॅम्पियनशिपचीच झाली, आणि काही वर्षी मैदानावरचा सर्वांत चांगला खेळ तिथेच झालेला असतो. क्लबच्या इतिहासात त्यांची नावं नसणं ही मोठी उणीव आहे.

अडचण नावांची येईल. जुन्या नोंदींत कॅडींचं फक्त पहिलं नाव किंवा बिल्ला क्रमांक असतो. बिल्ल्यांची नोंदवही आणि पगारपत्रकं ताडून बघा, निवृत्त कॅडींना नोंदी वाचून दाखवा, पूर्ण नाव त्यांच्याकडून किंवा घरच्यांकडून घ्या आणि छापण्याआधी संमती विचारा. कार्डावर कुठल्या टीवरून खेळले ते लिहिलेलं नसेल, तर त्या दिवशीच्या इतर कार्डांवरची लांबी बघा.