एलसीपीची वेल्ड लाइन चुंबकाने मजबूत होईल का?

भोसरीचा मोल्डर:
भोसरीत 22 वर्षं इंजेक्शन मोल्डिंग करतोय. सध्या एलसीपीचे, म्हणजे द्रवस्फटिकी प्लास्टिकचे, कनेक्टर काढतो, भिंत जेमतेम 0.4 मिमी. पिनच्या भोकामागे दोन प्रवाह भेटतात, तिथली सांध्याची रेषा, म्हणजे वेल्ड लाइन, पिना दाबून बसवताना कडकन फुटते. दाणे 150 अंशांवर चार तास सुकवलेले असतात. वेग वाढवला, मोल्ड 120 अंशांपर्यंत तापवला, फरक किरकोळ. परवा पाठवलेला अख्खा लॉट परत आला, तेव्हापासून झोप नाही. चुंबकीय क्षेत्रात या प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या एका दिशेला वळतात असं वाचलं. मोल्डमध्ये निओडिमियम चुंबक बसवले तर?

पॉलिमरवाली:
दादा, वाचलंत ते खरं आहे. साखळीतल्या बेंझीन कड्यांना क्षेत्राला समांतर राहणं सोयीचं पडतं. एकट्या रेणूवरचा जोर उष्णतेच्या धडपडीपुढे नगण्य असतो, पण द्रवस्फटिकात, म्हणजे वाहतानाही रेणू एका दिशेला रांगेत राहतात अशा अवस्थेत, असंख्य रेणू एकमेकांच्या जोडीने वळतात, म्हणून जमतं. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या मंडळींनी 1998 मध्ये द्रवस्फटिकी इपॉक्सी अशा क्षेत्रात घट्ट केलं. साधारण 12 टेस्लाला (टेस्ला हे क्षेत्राच्या जोराचं माप) ताठपणा 3.1 वरून 8.1 गिगापास्कलवर गेला.

पण इपॉक्सी सावकाश घट्ट होतं, रेणूंना वळायला वेळ मिळतो. तुमची 0.4 मिमीची भिंत सेकंदाच्या आत गोठते. शिवाय जोर क्षेत्राच्या वर्गाने वाढतो: निओडिमियमच्या साधारण 1 टेस्लाच्या तुलनेत 12 टेस्लाला 144 पट. साध्या निओडिमियमचं चुंबकत्व तर 80 अंशांपुढेच उतरायला लागतं, आणि तुमचा मोल्ड 120 वर.

टूलरूमवाला:
ताई बरोबर सांगतायत. एलसीपीत दोन टोकं भेटतात तिथे साखळ्या रेषेला समांतर आडव्या पडतात, आरपार जात नाहीत. म्हणून प्रवाह भेटल्यावरही माल वाहता ठेवा. वेल्ड लाइनच्या पलीकडे जादा माल जायला ओव्हरफ्लोचा छोटा खिसा काढा, नाहीतर गेट (माल आत शिरतो ती जागा) हलवून रेषा पिनचा ताण नसलेल्या जागी न्या. डाय नव्याने करायची गरज नाही, ईडीएमवर (ठिणगीने धातू कोरणाऱ्या मशीनवर) खिसा निघतो.

भोसरीचा मोल्डर:
मनापासून आभार, ताई आणि दादा. सोमवारी मोल्डमधल्या एका कॅव्हिटीला (भाग घडतो त्या पोकळीला) खिसा काढतो, बाकीच्या तशाच ठेवतो. दोन्हीकडचे पन्नास-पन्नास भाग पिन दाबून फोडून बघतो आणि आकडे इथेच टाकतो.

ताई, एक विचारू? आमच्याकडे इपॉक्सी पॉटिंगचंही (भाग इपॉक्सीत बुडवून बंद करण्याचं) काम येतं, ते ओव्हनमध्ये दोन तास घट्ट होतं. साध्या इपॉक्सीत हे चालेल?

पॉलिमरवाली:
साध्यात नाही. रेणू ताठ दांड्यासारखे असून द्रवस्फटिक अवस्था आली पाहिजे, आणि जेल होण्याआधी क्षेत्र लागलं पाहिजे.