मदत हवी आहे: ग्रूम्स केक नक्की कधी कापायचा?

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरमध्ये ह्यूस्टनला लेकीचं लग्न आहे. जावई अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या अलाबामा राज्यातले. त्यांच्याकडे लग्नाच्या पांढऱ्या केकशिवाय नवऱ्या मुलाचा वेगळा केक, म्हणजेच ग्रूम्स केक, असतो, बहुतेकदा चॉकलेटचा किंवा रेड व्हेल्वेटचा, त्याच्या आवडीच्या आकारात. (२०११ मध्ये प्रिन्स विल्यमनेही स्वतःसाठी चॉकलेट बिस्किट केक करून घेतला होता.) आमच्या जावयांना मासेमारीचं वेड, म्हणून माशाचा आकार ठरलाय.

विहीणबाई म्हणतात, आदल्या रात्रीच्या रिहर्सल डिनरला (लग्नविधीच्या सरावानंतरच्या जेवणाला) कापू. पण त्याच संध्याकाळी आमच्याकडे मेंदी आहे, मुलीकडची निम्मी माणसं तिथे नसतील. मला वाटतं, शनिवारी रिसेप्शनला दुसऱ्या टेबलावर ठेवावा आणि लग्नाचा केक कापून झाला की लगेच वाढावा. पण तेव्हा जेवणात श्रीखंड आणि गुलाबजामही आहेत. इतकं गोड कोण खाणार? पूर्वी तिकडे या केकचे तुकडे डबीत घालून पाहुण्यांना घरी द्यायचे म्हणे. तसं केलं तर?

पाहुणे १८०, केक साधारण ८० तुकड्यांचा. सासूबाई अंडं खात नाहीत, त्यांच्यासाठी अंड्याशिवायचा छोटा केक वेगळा सांगू का? जावयांच्या घरची ही रीत मनापासून, नीट व्हावी असं फार वाटतं. अमेरिकेच्या दक्षिणेकडे कोणी असं लग्न केलं असेल तर कधी आणि कसा वाढलात ते सांगा ना.