सायबर हल्ल्याची रंगीत तालीम करणारं टूल निवडायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नागपूरच्या मिहानमधल्या एका मध्यम कंपनीत सिक्युरिटी बघतो. टीम म्हणजे मी आणि एक नवीन पोरगा. साहेबांना सोमवारपर्यंत तीन ब्रीच अँड अटॅक सिम्युलेशन (खोटे हल्ले करून आपली सुरक्षा तपासणाऱ्या) टूल्सची तुलना हवी आहे. तिन्ही विक्रेत्यांचं पालुपद एकच, 'आमच्याकडे हजारो हल्ले तयार आहेत.' नुसत्या आकड्याचं लोणचं घालू का राजेहो?

अंदाज यावा म्हणून आधी फुकटातलं अ‍ॅटॉमिक रेड टीम (छोट्या तयार हल्ला-चाचण्यांचा संच) एका टेस्ट लॅपटॉपवर चालवलं. एलसॅस या विंडोजच्या लॉगिन सांभाळणाऱ्या प्रोसेसच्या मेमरीतून पासवर्ड काढायची चाचणी, मायटर अटॅक या हल्ल्यांच्या पद्धतींच्या यादीतली टी१००३.००१. ईडीआरनं (लॅपटॉपवर बसून हल्ले ओळखणारं, अडवणारं सॉफ्टवेअर) लगेच अडवली, आम्ही खूश. मग सगळ्या मशीनच्या नोंदी म्हणजे लॉग एका जागी गोळा करून अलर्ट देणारं एसआयईएम उघडलं तर अलर्टच नाही! त्या लॅपटॉपचे लॉग तिथवर पोचतच नव्हते. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची असते. इथे कळणारच कधी?

म्हणून माझा पहिला निकष: अडवलं, लॉग झालं आणि अलर्ट आला, हे तीन वेगवेगळे दाखवणारं टूल हवं. बाकी लायसन्स एजंटमागे (मशीनवर बसवायच्या प्रत्येक छोट्या प्रोग्रॅममागे) की कसं, ते विचारतोच.

अडलंय ते इथे: चालू सर्व्हरवर चाचणी केली तर मागचा पसारा टूल स्वतः आवरतं का, हे डेमोत कसं तपासायचं? आणि नवा धोका आला की त्याची चाचणी किती दिवसांत मिळते, हे करारात लिहून घेता येतं का? कोणी घेतलंय का तसं?