ओठावर नवा डाग : कारण काय निघालं?

चिंचोका :
गेल्या महिन्यात खालच्या ओठावर तिळाएवढा तपकिरी डाग दिसला. दुखत नाही, खाजत नाही. सासूबाई म्हणाल्या पित्त, मैत्रीण म्हणाली लिपस्टिक, आणि मी रात्री दोन वाजता फोनवर कॅन्सरबद्दल वाचत बसले. त्वचारोगतज्ज्ञांनी भिंगातून पाहून 'मेलॅनोटिक मॅक्यूल' सांगितलं. म्हणजे एका जागी रंगद्रव्य जास्त साठलंय, सहसा निरुपद्रवी. आकार किंवा रंग बदलला तर मात्र तुकडा काढून तपासायचा. तुमच्यापैकी कुणाला असं झालंय का? लेप सुचवू नका, लिंबू चोळून झालंय, नुसती आग झाली.

घाटावरचा :
माझा डाग गोळीचा निघाला. जुलाब झाले की मेडिकलमधून ऑर्निडाझोल असलेली गोळी आणायची, ही आमच्या घरची जुनी रीत. पहिल्यांदा ओठाच्या कोपऱ्यात चुरचुरलं, फोड आला, खपली धरली आणि जांभळट काळा डाग राहिला. तो फिका होतोय तोवर पुन्हा जुलाब, पुन्हा तीच गोळी आणि डाग बरोबर त्याच जागी! शिवाय अंगठ्याजवळ एक नवा. तरी माझी ट्यूब पेटली नाही, 'उष्णता' म्हणून सब्जा पीत राहिलो. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "डाग उठायच्या आदल्या दिवशी काय घेतलं होतंत?" याला फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणतात. वेदनाशामक, सल्फा, डॉक्सीसायक्लिन यांनीही होतं म्हणे. आता त्या गोळीच्या नावाची चिठ्ठी पाकिटात असते.

वाडीवरची :
मे महिन्यात आमच्याकडे निम्म्या पोरांच्या ओठांवर डाग! देठाचा चीक न काढता आंबा तोंडाला लावला की उततो. खपली जाते, काळपटपणा पाऊस लागला तरी रेंगाळतो.

बाबांची लेक :
बाबांच्या (वय ७२) ओठावर निळसर, मऊ फुगवटा. बोटाने दाबला की नाहीसा, सोडला की हजर. फुगलेली शीर, 'व्हीनस लेक'. जन्म उन्हात शेतात गेला त्यांचा. काही उपचार केले नाहीत.

जाई :
माझा डाग पांढरा, म्हणून लिहू की नको असं झालं होतं. कोड आहे, ओठांवर आणि बोटांच्या टोकांवर. डॉक्टरांनी समजावलं की रंग परत येतो तो बहुतेक केसांच्या मुळाशी उरलेल्या पेशींतून. ओठाला केसच नाहीत, त्यामुळे मलम लावूनही तिथे फार सावकाश फरक पडतो. डागाचं एक वेळ सोसलं, पण एका हळदीकुंकवाला मला वेगळा कागदी पेला दिला ते लागलं. हे लागण होणारं नाही, किती वेळा सांगायचं?

पानपट्टी बंद :
काकांना खालच्या ओठाच्या आत, तंबाखूचा बार धरायच्या जागी, पांढरा चट्टा. पुसून जाईना. दोन वर्षं "चुन्याने भाजलंय" म्हणत काढली. कवळीचं माप द्यायला गेले तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी हेरला. ल्यूकोप्लाकिया. बायॉप्सीत पेशी बदलायला लागलेल्या दिसल्या, चट्टा कापून काढला. काकांची तंबाखू सुटली. काकूची मशेरी चालूच आहे.

चिंचोका :
घाटावरचा, तुमचं वाचून आठवलं. डाग दिसला त्याच आठवड्यात दाढदुखीवर दोन गोळ्या घेतल्या होत्या. चुरचुरलं वगैरे नव्हतं, पण गोळ्यांची पट्टी ड्रॉवरमध्ये सापडलीय. पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवते.