रतनगड ते हरिश्चंद्रगड, कात्राबाईच्या खिंडीतून

हरिश्चंद्रगडावर कोणत्या वाटेने जावं, या प्रश्नावर तोलारखिंड आणि नळीची वाट, दोन्ही सुचवून झाल्या. पण पाठीवर बिऱ्हाड घेऊन दोन-तीन दिवस कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात रमायचं असेल, तर माझं मत रतनगडापासून सुरू होणाऱ्या वाटेला.

रतनवाडीत अमृतेश्वराचं दर्शन घेऊन जंगलात शिरायचं. पुढे फाटा फुटतो, एक वाट रतनगडाच्या शिड्यांकडे, दुसरी कात्राबाईच्या खिंडीकडे. शिड्यांची वाट आधी उरकावी, नेढ्यात, म्हणजे कातळातल्या आरपार भोकात, बसून वारा खावा (सॅक खाली ठेवूनच जा, शिडीवर ती मागे ओढते). मग खिंड चढून कुमशेत गाव, मुळा नदी ओलांडून पाचनई गाव आणि तिथून हरिश्चंद्रगडावर. खिंडीतलं जंगल इतकं दाट आहे की भर दुपारीही ऊन जाणवत नाही. ढोरवाटांनी चकवा हमखास बसतो, आम्ही दीड तास कारवीच्या झुडपांत भटकत होतो. तेव्हा रतनवाडीतून वाटाड्या घ्याच, पैसे वाचवू नका.

नोव्हेंबर-डिसेंबर उत्तम. उन्हाळ्यात पाण्याचे हाल, आणि पावसाळ्यात मुळा ओलांडायचं धाडस करू नये. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पोचाल तेव्हा संध्याकाळ असू द्या.