डिकीतली हत्यारांची पेटी: बंजी कॉर्ड पुरणार नाही

गाडीच्या डिकीत हत्यारांची पेटी सरकू नये म्हणून ती बंजी कॉर्डने, म्हणजे टोकांना हुक असलेल्या ताणल्या जाणाऱ्या रबरी दोरीने बांधा, असं काहीजण सुचवतात. भाजीच्या पिशव्यांना ठीक, पण २०-२५ किलोच्या हत्यारांच्या पेटीला नाही. कुंभार्ली घाटाच्या उतारावर कचकन ब्रेक लागला की रबर ताणतं आणि पेटी पुढे सरकते. २५ मिमीचा रॅचेट पट्टा (खटक्याच्या दांड्याने आवळायचा, न ताणणारा पट्टा) घ्या, पेटी मागच्या सीटच्या पाठीला टेकवून डिकीतल्या लोखंडी कड्यांना आवळा. सीएनजीच्या टाकीला मात्र काही बांधू नका.

आणि आपल्याकडे कोकणात खरा त्रास खाऱ्या हवेचा. पेटीखाली गोणपाट घालतात, ते ओल धरतं आणि पत्रा खालून गुपचूप गंजतो. खाचांची रबरी मॅट टाका. पावसाळ्यात अधूनमधून स्टेपनी उचलून खळग्यात पाणी साचलंय का बघा. बहुतेक गाड्यांत तळाचं रबरी बूच काढलं की निघून जातं.